पाव इंचाला एक फूट

“आत्ता वहीत काय लिहिलंत, अण्णा?”

मी ट्रॅक्टर बंद केला नाही. नुसता न्यूट्रलवर टाकला आणि वरूनच विचारलं. गजाअण्णा कुंभार फाट्यावरच्या चिंचेखाली घडीच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर लांबट वही, कानावर पेन्सिल. माझ्या आवाजानं दचकले नाहीत की गडबडले नाहीत. चष्मा वर सरकवून म्हणाले, “तुमचाच ट्रॅक्टर लिहिला, इंदूताई. नऊ वाजून दहा मिनिटं. पस्तीस एचपी, लाल. मागं दोन फाळी नांगर. डावं मागचं टायर नवीन टाकलेलं दिसतंय.”

“परवा पण लिहिलात. सोमवारी पण.”

“जो जाईल तो लिहितो. तुमच्या आधी कारखान्याचे दोन गेले. एकाला मडगार्डच नव्हतं.”

“आणि लिहून करता काय त्याचं?”

“काही नाही. आवड आहे.”

आवड म्हणे. साठी उलटलेला माणूस सकाळी आठपासून रस्त्याला बसून जाणारे-येणारे ट्रॅक्टर लिहून काढतो, आणि कारण विचारलं तर आवड. मी क्लच सोडला आणि निघाले, पण डोक्यातला किडा काही जाईना.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मी इंदुमती जगदाळे. आमचे हे गेले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. तेराव्याचं जेवण आटपून माणसं हात धुवत होती, तेवढ्यात माझा धाकटा दीर संपत म्हणाला, “वहिनी, ट्रॅक्टर विकून टाकू. जमीन मी बघतो. तुमच्या वाट्याचं घरपोच करतो.” मी मान हलवली नाही. दुसऱ्या महिन्यात माझ्या भावाला आठ दिवस बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून ट्रॅक्टर शिकले. पहिल्या दिवशी निम्मं गाव बांधावर बसून दात काढत होतं. पण शिकले. त्यानंतर नऊ वर्षं आमच्या दीड एकरात दुसऱ्या कुणाच्या नांगराचा तास पडला नाही. लेकीला मी त्याच शेतावर साताऱ्याला कॉलेजात ठेवली होती.

पण नऊ वर्षं एकटीनं काढली की माणूस संशयी होतं. दुधानं तोंड पोळलेली मी, ताकसुद्धा फुंकून प्यायचे. दूध घालणाऱ्याचं माप मी माझ्या तांब्यानं तपासायचे. कुणी गोड बोललं की माझ्या मनात आधी यायचं, याला काय पाहिजे?

त्यामुळं त्या वर्षी संपतनं जेव्हा बांधाचा विषय काढला, तेव्हा माझ्या मनात तो नीट रुजला.

आमच्या शेताला पूर्वेकडून सर्जेतात्या शेडग्यांचं शेत लागून. मधे एकच बांध. तात्या आमच्या ह्यांचे मित्र, वयानं मात्र पंधरा वर्षांनी थोरले. मला सूनबाई म्हणायचे. बोलायला कमी. हे गेल्यावर तर आणखीच कमी झाले होते. आणि दर वर्षी दिवाळी झाली की हा माणूस खोरं घेऊन आठ-आठ दिवस बांधाला भिडलेला दिसायचा. सकाळी सूर्य उगवायच्या सुमारास सुरू, ऊन तापायच्या आत बंद. मी विचारलं तर म्हणायचे, “पावसानं ढासळलाय, जरा नीट करतोय.”

“नीट करतोय काय, कोरतोय,” संपत म्हणाला. तो ओसरीवर मांडी घालून बसला होता, हातात मोजणीच्या अर्जाचा कोरा कागद. “दर साली वीतभर कोरायचा अन् अलीकडं आपल्या रानात सरकवून उभा करायचा. बांध खाणारा माणूस असाच खातो, वहिनी. हद्दीचा दगड कुठं गेला सांगा बरं?”

दगड खरंच नव्हता. कधी नाहीसा झाला मला आठवत नव्हतं.

“भाऊबंद काय म्हणत्यात ठाऊक हाय का? बाईला बांध राखता येईना. सातबारा अजून एकत्र हाय आपला. माझं नाव हाय त्यावर. मोजणी करून घ्या, तात्याला उघडा पाडा, मी तुमच्या मागं उभा हाय. न्हाईतर यंदापास्नं जमीन माझ्याकडं द्या. ट्रॅक्टरला गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी.”

म्हणजे बघा. बांध गेला तर जमीन गेली, आणि जमीन गेली तर ट्रॅक्टर गेला. मग मी दिराच्या दारात पायली-पायलीनं धान्य मागत उभी राहणार. तात्यांना चोर ठरवणं मला भाग होतं. आणि खरं सांगायचं तर ते मला जड गेलं नाही. मी आधीपासूनच त्यांच्याकडं तिरक्या नजरेनं बघत होते.

त्यात गजाअण्णा. रोज अकराला फाट्यावरून उठले की हे सरळ तात्यांच्या गोठ्यावर चहाला जायचे. एकजण माझ्या बांधावर खोरं चालवतो, दुसरा माझ्या ट्रॅक्टरची वेळ लिहितो, आणि मग दोघं बसून चहा पितात. मी शेतावर कधी असते, कधी नसते, याची खबर तात्यांना कुठून मिळते ते मला कळलं, असं मला वाटलं. ठरवलं, आधी या अण्णाचं पाणी जोखायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दुपारचे चार वाजले असतील. अण्णा पुण्याकडं एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होते, म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना बनवायचं काम. तीस वर्षं त्यात काढून, रिटायर होऊन गावी आले. बायको आधीच वारलेली. गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की म्हातारा लाकडाचे खेळण्यातले ट्रॅक्टर करतो.

खेळणी नव्हती ती. पुढच्या खोलीत भिंतभर फळ्या मारलेल्या, आणि फळ्यांवर आमच्या भागातले झाडून सगळे ट्रॅक्टर उभे. हातभर लांबीचे. पाटलांचा निळा, त्याच्या बॉनेटवरचा पोचा जिथल्या तिथं. कारखान्याचे, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांसकट. एका टपाला तर खरोखरची सुतळी बांधलेली, कारण तो मालक सुतळीच बांधायचा. मी बघत राहिले. मग भानावर आले.

“वही दाखवा,” म्हटलं.

“वही?”

“माझ्यावर पाळत ठेवता, त्यात काय लिहिता ते बघायचंय मला.”

अण्णांचा चेहरा उतरला. पण वह्या काढून दिल्या. दर वर्षाची एक. मी माझं नाव शोधत गेले. नऊ वर्षांत नांगरटीच्या नऊ नोंदी. आमचं शेत फाट्याला लागूनच, तिथून सगळं दिसतं. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ आणि शेवटी एकच वाक्य: ‘बांध डाव्या हाताला ठेवून फेरा.’ दुसऱ्या सालापासून त्याला जोडलेलं: ‘गेल्या सालासारखाच.’

“हे कशाला?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “कुठल्या हाताला बांध ठेवते ते तुम्हाला काय करायचंय? तात्यांनी सांगितलं लिहायला?”

“तात्या काय सांगणार मला. प्रत्येकाची नांगरायची पद्धत असते, ती लिहितो. पाटील मधनं फोडतात, मी तसं लिहितो.”

“आणि ते काय झाकून ठेवलंय?”

खोलीच्या कोपऱ्यात टेबलाएवढ्या उंचीवर काहीतरी मोठं आडवं होतं, त्यावर जुनी चादर. अण्णा चटकन पुढं झाले. चादरीवर हात ठेवला. “ते राहू द्या, ताई.”

तुम्ही सांगा, त्यानंतर मी थांबणार होते का? चादर ओढली.

खाली आमचं शेत होतं.

आठ बाय चारची प्लायवूडची अख्खी शीट, आणि तिच्यावर आमचं दीड एकर. दगडी कठड्याची सामाईक विहीर, तिच्याशेजारची पंपाची खोली, पश्चिमेचा ओढा, सगळं. पूर्वेला लाकडाच्या भुशाचा बांध आणि त्याच्यापलीकडं तात्यांच्या शेताची पट्टी. मधोमध लाल ट्रॅक्टर, करंगळीएवढा. सीटवर पांढरी टोपी घातलेला माणूस. त्याची बसायची ढब, एक खांदा जरा खाली. आमचे हे.

मी त्या टोपीला बोट लावलं.

“रिटायर होऊन आलो त्या साली केलं,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “त्यांनीच टेप धरला होता दुसऱ्या टोकाला. दोन दिवस मोजत होतो आम्ही. पुढच्या साली ते गेले. तुम्हाला दाखवायचं धाडस झालं नाही.”

“माप बरोबर आहे यात?”

“पाव इंचाला एक फूट. सुताचा फरक निघणार नाही.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नऊ वर्षांपूर्वीचा बांध माझ्यासमोर होता. विहीर दगडी, ती काही सरकत नाही. विहिरीच्या कठड्यापासून बांधापर्यंतचं अंतर इथं मोजायचं आणि शेतावर मोजायचं. जेवढं कमी भरेल तेवढं तात्यांच्या पोटात गेलं. मोजणीवाले यायला सहा महिने लागले असते. हा पुरावा आजचा आज होता.

“पट्टी द्या,” मी म्हटलं.

“मोजू नका, ताई.”

“का?”

“मी हे हौसेनं केलंय. जसं होतं तसं उतरवून घेतलंय. न्यायनिवाड्यासाठी नाही केलं.”

“का मोजू नको, ते सांगा.”

अण्णा चादर परत ओढायला लागले. मला पाहिजे होतं ते उत्तर त्यात मिळालं. दोघं सामील आहेत. मी टेबलावरची स्टीलची पट्टी स्वतःच उचलली आणि ठेवली. कठड्यापासून बांधाच्या पायथ्यापर्यंत चार इंच, अगदी नेमके. म्हणजे सोळा फूट.

“सोळा,” मी म्हटलं. “उद्या सकाळी नऊला बांधावर या. आणि तात्यांना आधी जाऊन सांगायचं असेल तर खुशाल सांगा.”

त्याच संध्याकाळी संपतला निरोप धाडला. तो इतका खूश झाला की येताना पाच मीटरचा साधा टेप सोडून शंभर फुटी फीत घेऊन आला.

सकाळी आम्ही चौघं. तात्यांना मीच बोलावणं धाडलं होतं. ते आले, खोरं बांधाला टेकवलं आणि उभे राहिले. कशासाठी बोलावलंय हेही विचारलं नाही. अण्णा लांब, पंपाच्या खोलीच्या सावलीत. वही आणली नव्हती. यंदाची नांगरट अजून उरकली नव्हती, त्यामुळं माझा ट्रॅक्टर नांगरासकट तिथंच उभा होता.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “नऊ वर्षांपूर्वी विहिरीच्या कठड्यापासून बांध सोळा फुटांवर होता. माप अण्णांकडं आहे, आमच्या ह्यांनी स्वतः धरलेलं. आता मोजायचं. सोळा भरलं तर मी तात्यांच्या पाया पडेन. कमी भरलं तर बाकीचं पंचांपुढं.”

तात्या जमिनीकडं बघत होते.

संपतनं कठड्याला फितीचं टोक दाबून धरलं. मी डबी हातात घेऊन बांधाकडं चालायला लागले. फीत सुटत होती, आकडे माझ्या अंगठ्याखालून जात होते. दहा. बारा. चौदा. मी मनात तयारी करत होते, तेरा भरेल की चौदा, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं.

सोळा आला आणि गेला. बांध अजून पुढंच होता.

मला वाटलं फीत कुठंतरी ढिली पडलीय. मागं बघितलं. ताणलेली होती. आणखी दोन पावलं टाकली तेव्हा माझी चप्पल बांधाच्या मातीला लागली. आकडा बघितला. बावीस.

तात्या माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी आकडा बघितला नाही, माझ्याकडं बघितलं. मग ओठ फारसे न हलवता म्हणाले, “सोळा म्हणा, सूनबाई.”

माझा स्वभाव बघा. त्या घडीलासुद्धा मनात पहिलं काय आलं? की याला माझ्याकडून काय पाहिजे? कुठल्या डावात ओढतोय हा मला? सहा फूट माझ्या बाजूला जास्त भरतायत आणि हा माणूस मला सोळा म्हणायला सांगतोय.

मग मी बांधाच्या पायथ्याकडं बघितलं. माझ्या बाजूनं पायथ्याला चर पडलेली होती, गेल्या सालच्या नांगरटीची, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि अण्णांच्या वहीतलं ते वाक्य आठवलं. नांगराचा फाळ माती उजवीकडं फेकतो. बांध डाव्या हाताला ठेवून फिरलं की माती बांधापासून लांब पडते आणि बांधाच्या बुडाशी उघडी चर राहते. पावसात बांध त्या चरीत ढासळतो. म्हणून जाणता माणूस एका वर्षी डावा फेरा घेतो, दुसऱ्या वर्षी उजवा, म्हणजे माती परत बांधाकडं येते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. भावानं आठ दिवसांत जेवढं शिकवलं तेवढं मी शिकले, आणि त्यानं पहिला फेरा डावा दाखवला म्हणून नऊ वर्षं डावाच घेत राहिले. ढासळलेली माती दर वर्षी माझ्या रानात नांगरत राहिले. आणि तात्या दर दिवाळीनंतर स्वतःच्या रानातली माती काढून, स्वतःच्या हद्दीत, बांध पुन्हा उभा करत राहिले. वर्षाला आठ इंच.

आणि तो दगड. तिसऱ्या वर्षी फाळाला एक दगड लागला होता. मी शिव्या घालत तो उपसला आणि ट्रॅक्टरनं ओढत नेऊन ओढ्यात लोटला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“किती भरलं, वहिनी?” संपत विहिरीजवळून ओरडला. “पंधरा तरी हाय का न्हाई?”

तात्या पुन्हा पुटपुटले, “सोळा म्हणा. बाकीचं आपण बघू.”

मी म्हटलं, “बावीस.”

संपत फीत सोडून आला. स्वतः आकडा बघितला. मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं. “म्हंजी आपलंच वाढलंय व्हय? मग बोंबलायचं कशाला, गुंडाळा फीत.”

“वाढलं नाही, भावजी. तात्यांचं खाल्लंय. दोन गुंठे भरतील. मीच खाल्लेत, माझ्या नांगरानं. एका अंगानं नांगरत गेले, मला कळलंच नाही.”

मग त्याला काय सापडलंय ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचा आवाजच बदलला. “बघा. मी काय म्हणत होतो नऊ सालं? बाईमाणसाला धड तास घालता येत न्हाई. आज शेजाऱ्याचा बांध खाल्ला, उद्या विहिरीत घालाल ट्रॅक्टर. जगदाळ्यांचं नाव घालवलं तुम्ही. बास झालं आता.” आणि त्यानं माझ्यापुढं हात पसरला. “किल्ली द्या इकडं.”

किल्ली माझ्या कमरेला होती. माझा हात खरोखरच तिकडं गेला. काय तोंडानं नाही म्हणणार होते मी?

तात्या मधे आले. नऊ वर्षांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

“ही किल्ली तू पैल्याच साली मागितली असतीस, संपत. मी तवाच बोललो असतो तर.” मग माझ्याकडं वळले. “तुमची चूक मला पैल्या नांगरटीलाच दिसली, सूनबाई. सांगायला निघालोबी होतो. पर त्या टायमाला सगळं गाव बांधावर बसून हसत हुतं. मी एक शब्द काढला असता, तर ह्यो असाच हात पसरून उभा ऱ्हायला असता. म्हटलं, शिकतीय बाई, शिकू द्या. पुढच्या साली सांगू. मग पुढच्या साली धीर न्हाई झाला. आठ इंच काय, मातीच की.”

“आणि मी तुम्हाला चोर समजत होते,” मी म्हटलं. “नऊ वर्षं.”

“ठावं हाय मला.”

“ठाऊक होतं?”

“अवो, तुम्ही बघायचा तसं दुसरं कोन बघतं माझ्याकडं?” असं म्हणून ते चक्क हसले.

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, दिरासमोर, मोठ्यानं. मला त्या माणसाच्या पाया पडायचं होतं, पण ते हात धरून मागं सरकले. म्हणाले, “जमीन द्यायचीच असली तर आजच द्या, नांगर जोडलेलाच हाय. कागद नको, पंच नको. अन् संपत, तू बस सावलीला. तुझी वैनी तास कसा घालती ते बघ.”

संपत बसला नाही. पाय आपटत निघून गेला. जमिनीचं त्यानं पुन्हा कधी काढलं नाही, म्हणजे चारचौघांत तरी नाही.

अण्णा सावलीतून उठून आले. कठड्यापासून सोळा फुटांवर त्यांनी एक काटकी रोवली, मग पुढं जाऊन तसंच मोजून दुसरी, तिसरी. तात्या शेताच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले, मला नेम धरायला. मी ट्रॅक्टर वळवला. बांध उजव्या हाताला घेऊन मी कधी नांगरलंच नव्हतं. कुठं बघायचं, किती वळायचं, काही कळत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी नांगर टाकला आणि तात्यांच्या पागोट्यावर नजर ठेवून निघाले. उजवीकडं माती उलटत होती, त्यांच्या अंगाला पडत होती.

टोकाला पोचले तेव्हा तात्या मागं वाकून तासाकडं बघत होते.

“सरळ आलाय,” ते म्हणाले.